एका फाईलची परवानगी चुकली आणि अख्खा फोन उघडा पडला : 'परमिशन डिनाइड'मागचं गणित नेमकं काय असतं?

तर गोष्ट आहे डिसेंबर २०१२ ची. सॅमसंगचा गॅलेक्सी एस थ्री खिशात असणं म्हणजे तेव्हा कट्ट्यावर भाव खायचा विषय होता. गॅलेक्सी एस टू, नोट आणि नोट टू हे फोनही जोरात चालत होते. अशातच एका डेव्हलपरनं इंटरनेटवर एक शोध जाहीर केला. या फोनमध्ये '/डेव्ह/एक्झिनोस-मेम' नावाची एक फाईल आहे. फोनमधलं कुठलंही ॲप ती वाचू शकतं आणि तिच्यात लिहूही शकतं.

आता तुम्ही म्हणाल, एका फाईलनं असं काय बिघडतंय? फोनमध्ये तर हजारो फायली असतात.

पण ही फाईल म्हणजे फोटो किंवा पीडीएफ नव्हती. ती फोनच्या अख्ख्या मेमरीचा दरवाजा होती. फोन चालू असताना जे काही मेमरीत असतं, म्हणजे टाइप केलेला पासवर्ड, उघडलेला मेसेज, खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ते सगळं त्या दरवाजातून दिसत होतं आणि बदलताही येत होतं. साधं टॉर्चचं ॲप टाकलं आणि त्यानं इन्स्टॉल होताना एकही परवानगी मागितली नाही, तरी त्याला ठरवलं तर फोनचा मालक होता आलं असतं.

हा प्रकार सॅमसंगच्या एक्झिनोस ४२१० आणि ४४१२ या चिप असलेल्या फोनमध्ये होता. भारतात विकला गेलेला गॅलेक्सी एस थ्री याच चिपवर चालायचा. या चुकीची नोंद पुढे सुरक्षा त्रुटींच्या जागतिक यादीतही झाली, सीव्हीई-२०१२-६४२२ या क्रमांकानं. सॅमसंगनं चूक मान्य केली आणि दुरुस्तीचं अपडेट दिलं.

गंमत म्हणजे यात कुणी अवघड कोड फोडला नव्हता की कुणी पासवर्ड चोरला नव्हता. एका डिव्हाइस फाईलची परवानगी सगळ्यांसाठी खुली राहिली होती, एवढंच.

आणि हीच चूक आज लिनक्स वापरणारे अनेक जण आपल्या लॅपटॉपवर स्वतःच्या हातानं करत असतात. कशी, ते समजून घेण्यासाठी आधी डिव्हाइस फाईल ही काय भानगड आहे ते बघावं लागेल.

डिव्हाइस फाईल म्हणजे काय?

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम सुरू केलं. आजचं लिनक्स, अँड्रॉइड आणि ॲपलचं मॅकओएस ही सगळी त्याच घराण्यातली किंवा त्याच वळणाची मंडळी.

युनिक्समध्ये एक साधी पण भारी कल्पना होती. कॉम्प्युटरला जोडलेली यंत्रं, म्हणजे प्रिंटर, डिस्क, टर्मिनल, हीसुद्धा फाईलसारखीच वागवायची. प्रोग्रामनं फाईल उघडायची, वाचायची, तिच्यात लिहायचं. पलीकडे खरीखुरी फाईल आहे की यंत्र, याची चिंता प्रोग्रामनं करायची नाही.

१९७४ मध्ये रिची आणि थॉम्पसन यांनी युनिक्सवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात या कल्पनेचे फायदे सांगितलेत. एक, फाईल आणि यंत्र दोन्ही एकाच पद्धतीनं वापरता येतात. दोन, दोघांची नावं एकाच पद्धतीनं देता येतात. आणि तिसरा फायदा आपल्या विषयाचा : फाईलला जे संरक्षण असतं, तेच यंत्रालाही आपोआप मिळतं.

म्हणजे तुमची फाईल कुणी वाचायची हे जसं ठरवता येतं, तसंच तुमचा वेबकॅम कुणी वापरायचा हेही ठरवता येतं. त्याच नियमांनी आणि त्याच कमांडनं.

लिनक्समध्ये या सगळ्या फायली 'डेव्ह' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. वेबकॅम जोडला की तिथं 'व्हिडिओ०' दिसतो. पहिली डिस्क अनेकदा 'एसडीए' असते. यूएसबीवरून सिरियल पद्धतीनं बोलणारं एखादं सर्किट बोर्ड लावलं की 'टीटीवाययूएसबी०' किंवा 'टीटीवायएसीएम०' उगवतं आणि काढलं की गायब होतं.

परवानगी वाचायची कशी?

इथून पुढे कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच इंग्रजीच्या लहान अक्षरांत टाइप करायची.

'एलएस -एल' ही कमांड देऊन पुढे फाईलचं नाव लिहिलं, की एक ओळ समोर येते. टीटीवाययूएसबी० साठी उबुंटू किंवा डेबियनवर ती साधारण अशी वाचता येते : पहिलं अक्षर 'सी', मग 'आर-डब्ल्यू-रेघ', मग पुन्हा 'आर-डब्ल्यू-रेघ', मग तीन रेघा. पुढे मालकाचं नाव 'रूट', ग्रुपचं नाव 'डायलआउट' आणि १८८ व ० असे दोन आकडे.

आधी पहिलं अक्षर बघू. 'सी' म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस. यात माहिती एकामागून एक अक्षरं यावीत तशी वाहते. कीबोर्ड, माऊस, सिरियल पोर्ट या गटातले. तिथं 'बी' असेल तर तो ब्लॉक डिव्हाइस, म्हणजे डिस्क, पेन ड्राइव्ह वगैरे. साध्या फाईलला तिथं नुसती रेघ असते.

शेवटचे दोन आकडे म्हणजे यंत्राचा पत्ता. पहिला आकडा सांगतो की कुठल्या ड्रायव्हरकडे जायचं आणि दुसरा सांगतो की त्या ड्रायव्हरकडचं कितवं यंत्र. साध्या फाईलला जिथं साइज दिसते, तिथं डिव्हाइस फाईलला हे आकडे दिसतात. कारण तिच्यात साठवलेलं काहीच नसतं. ती फक्त दरवाजावरची पाटी असते.

आता मधल्या नऊ अक्षरांकडे येऊ. ही समजायला आपली हाऊसिंग सोसायटी डोळ्यासमोर आणा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या खोलीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरींकडे असते, कमिटीच्या मेंबरांकडे असते आणि बाकी कुणाकडे नसते. युनिक्सचे तीन गट हेच आहेत. पहिली तीन अक्षरं मालकाची, मधली तीन ग्रुपची आणि शेवटची तीन उरलेल्या सगळ्यांची.

यात 'आर' म्हणजे वाचायची मुभा, 'डब्ल्यू' म्हणजे लिहायची मुभा आणि 'एक्स' म्हणजे प्रोग्राम म्हणून चालवायची मुभा. यांना आकडेही दिलेत. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १. वाचणं आणि लिहिणं दोन्ही असेल तर ४ अधिक २, म्हणजे ६.

म्हणून वरच्या सिरियल पोर्टची परवानगी होते ६६०. मालकाला वाचता-लिहिता येतं, ग्रुपलाही येतं आणि बाकीच्यांना काहीच करता येत नाही.

शेवटचं शून्य लक्षात ठेवा. २०१२ मध्ये सगळा गोंधळ तिथंच झाला. त्या फाईलची परवानगी ६६६ होती. कमिटीपुरती असायची ती किल्ली सोसायटीच्या गेटवर टांगून ठेवली होती. येणारा-जाणारा कुरिअरवालाही ती घेऊ शकत होता.

मग ६६६ म्हणजे नेहमीच चूक का? तर नाही. 'डेव्ह' मध्येच 'नल' नावाची एक फाईल आहे. तिच्यात काहीही लिहा, ते गायब होतं. तिची परवानगी ६६६ असते आणि तशीच असायला हवी, कारण तिच्यातून कुणाचं काही जात नाही. आता बाजूलाच 'मेम' फाईल असते, ती मेमरीचा दरवाजा. ती मात्र साधारणपणे रूट आणि एका खास ग्रुपपुरतीच राखलेली असते. आकडा बरोबर की चूक हे त्या दरवाजामागं काय आहे यावर ठरतं.

'परमिशन डिनाइड' आल्यावर लोक काय करतात?

समजा, पॉलिटेक्निकला शिकणाऱ्या एका मुलीला फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आर्डुइनो बोर्डवर प्रोग्राम चढवायचा आहे. लॅपटॉपवर उबुंटू आहे. बोर्ड जोडला, सॉफ्टवेअर उघडलं, अपलोडचं बटण दाबलं आणि समोर लाल अक्षरांत आलं, 'परमिशन डिनाइड'. प्रोजेक्ट दाखवायला दोन दिवस राहिलेत.

अशा वेळी माणूस इंटरनेटवर शोधतो आणि त्याला पटकन दोन उत्तरं सापडतात.

पहिलं उत्तर, सॉफ्टवेअरच 'सुडो' लावून चालवा. म्हणजे सगळं सॉफ्टवेअर रूटच्या अधिकारानं चालवायचं. एका पोर्टवर चार अक्षरं पाठवण्यासाठी अख्ख्या कॉम्प्युटरचं कुलमुखत्यारपत्र देऊन टाकायचं. वर त्या सॉफ्टवेअरनं बनवलेल्या फायली रूटच्या नावावर होतात आणि नंतर साध्या खात्यातून त्यांत बदल करता येत नाही. म्हणजे एक दुखणं घालवायला दुसरं घेतलं.

दुसरं उत्तर जास्त लोकप्रिय आहे. 'सीएचमॉड ७७७'. सी-एच-एम-ओ-डी ही परवानगी बदलायची कमांड. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं.

यात दोन गडबडी आहेत. पहिली म्हणजे ७ मधला १ हा 'चालवायच्या' परवानगीचा असतो आणि डिव्हाइस फाईल काही प्रोग्राम म्हणून चालवायची नसते. त्यामुळे तो आकडा इथं निरर्थक आहे. जो ७७७ सुचवतो, त्यानं बहुतेक वेळा विचार न करताच सुचवलेलं असतं.

दुसरी गडबड मोठी आहे. अपलोड होतं, मुलगी खूश होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात बोर्ड पुन्हा जोडते आणि पुन्हा तोच लाल एरर. कालची कमांड गेली कुठं?

बदललेली परवानगी टिकत का नाही?

कारण 'डेव्ह' फोल्डर डिस्कवर साठवलेलं नसतंच. आजच्या लिनक्समध्ये ते मेमरीत तयार होतं. यंत्र जोडलं की कर्नल तिथं फाईल बनवतं आणि यंत्र काढलं की ती पुसली जाते. पुन्हा जोडलं की नवी कोरी फाईल बनते आणि नव्या फाईलला परवानगीही नव्यानं मिळते.

ही परवानगी देण्याचं काम करतो 'यूडेव्ह' नावाचा प्रोग्राम. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन या कर्नल डेव्हलपरनं तो आणला आणि २०१२ पासून तो सिस्टिमडी या मोठ्या प्रकल्पाचा भाग झाला. यूडेव्ह म्हणजे सोसायटीचा वॉचमन समजा. नवीन यंत्र आलं की तो आपल्या वहीत बघतो. हे कुठल्या प्रकारचं आहे, कुठल्या कंपनीचं आहे, याला कुठल्या ग्रुपकडे द्यायचं, परवानगी किती ठेवायची, हे सगळं त्या वहीत लिहिलेलं असतं.

तुम्ही सीएचमॉड केलं म्हणजे त्या क्षणापुरतं कुलूप काढलं. वहीत काहीच बदललं नाही. म्हणून पुढच्या वेळी वॉचमन पुन्हा कुलूप लावतो.

थोडक्यात काय, तर उपाय दोनच. एकतर तुम्ही त्या ग्रुपचे मेंबर व्हा, नाहीतर वहीत नीट नियम लिहा.

पहिला उपाय : ग्रुपचे मेंबर व्हा

बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. सिरियल पोर्टचा ग्रुप डेबियन, उबुंटू आणि फेडोरावर 'डायलआउट' असतो. टेलिफोनवरून डायल करून इंटरनेट लावायच्या काळातलं हे नाव अजून टिकून आहे. आर्च लिनक्सवर हाच ग्रुप 'यूयूसीपी' नावानं असतो. म्हणून आधी 'एलएस -एल' करून आपल्या मशिनवर कुठलं नाव दिसतंय ते बघायचं आणि मगच पुढे जायचं.

मेंबर व्हायची कमांड आहे 'सुडो युजरमॉड', तिच्यापुढे रेघ देऊन 'ए' आणि 'जी' ही अक्षरं, मग ग्रुपचं नाव आणि शेवटी तुमचं युजरनेम. यात 'ए' लहान आणि 'जी' मोठं अक्षर असतं.

तो लहान 'ए' विसरायचा नाही. 'ए' म्हणजे आहे त्यात भर घाल. तो गाळला, तर कमांडचा अर्थ होतो की या माणसाला बाकीच्या सगळ्या जोडग्रुपमधून काढ आणि फक्त या एकात ठेव. उबुंटूवर सुडोचा अधिकारही अशाच एका ग्रुपमुळे मिळतो. म्हणजे एक अक्षर विसरलं की स्वतःच्याच मशिनवरचे ॲडमिनचे अधिकार जाऊ शकतात. मग ते परत मिळवायला रिकव्हरी मोडपर्यंत जावं लागतं.

आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. मेंबर झालात तरी ते लगेच लागू होत नाही. ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी वाचली जाते. त्यामुळे एकदा पूर्ण लॉगआउट करून परत यावं लागतं. टर्मिनलची खिडकी नुसती बंद करून उघडली तर चालत नाही. परत आल्यावर 'आयडी' ही कमांड द्यायची. तिच्या उत्तरात ग्रुपचं नाव दिसलं की काम झालं.

पण इथंही एक धोका आहे. सगळे ग्रुप सारखे नसतात. डायलआउटमध्ये स्वतःला घातलं तर सिरियल पोर्ट हाती येतात, तेवढंच. 'डिस्क' ग्रुपमध्ये घातलं तर मात्र डिस्कवरचा कच्चा डेटा थेट वाचता-लिहिता येतो. मग आतल्या फायलींवर कितीही परवानग्या लावलेल्या असोत, त्यांना अर्थच उरत नाही. डिस्क ग्रुपचा मेंबर हा जवळपास रूटच असतो.

'इनपुट' ग्रुपचंही तसंच. या ग्रुपला कीबोर्डच्या डिव्हाइस फायली वाचता येतात. म्हणजे त्या खात्यात चालणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण टिपता येतं, बँकेच्या पासवर्डसकट. एखादं गेमिंग सॉफ्टवेअर चालावं म्हणून लोक बिनधास्त या ग्रुपमध्ये शिरतात. शिरण्याआधी आपण कशाची किल्ली घेतोय ते कळायला हवं.

दुसरा उपाय : वहीत नियम लिहा

कधीकधी ग्रुपनं भागत नाही. एखादं यंत्र नवं असतं आणि वहीत त्याची नोंदच नसते. अँड्रॉइड फोन लॅपटॉपला जोडून डेव्हलपरचं 'एडीबी' टूल चालवलं आणि यादीत फोनच्या पुढे 'नो परमिशन्स' असं आलं, तर मामला बहुतेक वेळा हाच असतो.

अशा वेळी '/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी' या फोल्डरमध्ये स्वतःची नियमांची फाईल ठेवायची. तिचं नाव आकड्यानं सुरू करायची पद्धत आहे आणि नावाच्या शेवटी 'डॉट रूल्स' असायलाच हवं, नाहीतर यूडेव्ह तिच्याकडे बघतही नाही.

नियम एका ओळीचा असतो आणि त्यात दोन भाग असतात. पहिला भाग 'जर', दुसरा भाग 'तर'. आर्डुइनोचं उदाहरण घेऊ. जर सबसिस्टिम टीटीवाय असेल आणि यंत्राचा व्हेंडर आयडी २३४१ असेल, तर ग्रुप डायलआउट ठेव आणि मोड ०६६० ठेव. २३४१ हा आर्डुइनो कंपनीचा यूएसबी क्रमांक आहे. आपल्या यंत्राचा क्रमांक 'एलएसयूएसबी' ही कमांड दिली की दिसतो.

लिहिताना एक बारकावा सांभाळायचा. 'जर'च्या भागात बरोबरचं चिन्ह दोनदा येतं, कारण तिथं तुलना करायची असते. 'तर'च्या भागात ते एकदाच येतं, कारण तिथं किंमत द्यायची असते. चिन्हांची अदलाबदल झाली की नियम चालत नाही आणि डोकं खाजवत बसावं लागतं.

नियम लिहून झाला की 'यूडेव्हएडीएम कंट्रोल' ही कमांड 'रिलोड' पर्यायासह द्यायची, यंत्र काढून पुन्हा जोडायचं आणि 'एलएस -एल' करून खात्री करायची.

आता महत्त्वाचा मुद्दा. इंटरनेटवर मिळणाऱ्या बऱ्याच तयार नियमांत मोड ०६६६ लिहिलेला असतो. यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांच्या सूचनांमध्येही तो दिसतो. सीएचमॉड ६६६ निदान यंत्र काढल्यावर तरी संपतं. नियमात लिहिलेला ६६६ मात्र कायमचा असतो. वॉचमनच्या वहीतच लिहून ठेवल्यासारखं, की या दरवाजाला कुलूप लावू नकोस. असा नियम कॉपी करताना शेवटचा ६ बघायचा आणि तिथं शून्य करून योग्य ग्रुप लिहायचा.

याहून नीटनेटका पर्यायही आहे. नियमात मोडऐवजी 'यूॲक्सेस' नावाचा टॅग लावायचा. मग जो माणूस त्या मशिनसमोर प्रत्यक्ष लॉगिन करून बसला आहे, त्यालाच सिस्टिम त्या यंत्राची परवानगी देते आणि तो उठून गेला, दुसरा आला, की परवानगीही बदलते. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा घरात एकच कॉम्प्युटर दोघं-तिघं वापरत असतील तर याचा खरा उपयोग कळतो. दुसऱ्या गावाहून नेटवर्कवरून त्याच मशिनवर लॉगिन केलेल्या माणसाला ती परवानगी मिळत नाही. अशा फाईलच्या परवानगीच्या शेवटी अधिकचं छोटं चिन्ह दिसतं. फक्त या टॅगच्या फाईलचं नाव ७३ पेक्षा लहान आकड्यानं सुरू व्हायला हवं, कारण टॅगवर प्रत्यक्ष काम करणारा सिस्टिमचा नियम ७३ क्रमांकावर असतो.

फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातलीच दुसरी सिस्टिम. तिथं यूडेव्ह नाही, पण 'डेव्हएफएस' नावानं अशीच नियमांची फाईल असते. नाव वेगळं, विचार तोच.

प्रत्येक एरर परवानगीचा नसतो

सीएचमॉडकडे धावण्याआधी एरर नीट वाचला तर अर्धं काम तिथंच होतं. 'नो सच फाईल' आलं तर यंत्र दिसलेलंच नाही. केबल बघा. नुसती चार्जिंगची केबल लावून डेटा जाण्याची वाट बघणारे कमी नाहीत. 'डिव्हाइस बिझी' आलं तर दुसरं कुठलं तरी सॉफ्टवेअर ते पोर्ट धरून बसलंय. फक्त 'परमिशन डिनाइड' आलं तरच प्रश्न परवानगीचा असतो.

आणि फाईलची परवानगी बरोबर असूनही सॉफ्टवेअर अडत असेल, तर ते स्नॅप किंवा फ्लॅटपॅक पद्धतीनं टाकलंय का ते बघा. अशी सॉफ्टवेअर स्वतःच्या कुंपणात चालतात. त्यांना यंत्राची परवानगी वेगळी द्यावी लागते.

मग तुमच्या फोनचं काय?

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचंच कर्नल आहे, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं तुमच्या हातातल्या फोनमध्येही चालू असतं. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा युजर समजतं, म्हणून एका ॲपच्या फायली दुसऱ्याला दिसत नाहीत. वॉचमनचं काम तिथं 'यूइव्हेंटडी' करतो आणि त्याच्याही वहीत प्रत्येक डिव्हाइस फाईलपुढे तेच लिहिलेलं असतं : परवानगीचा आकडा, मालक आणि ग्रुप.

कॅमेरा वापरायला ॲपनं परवानगी मागितली आणि तुम्ही 'डोन्ट अलाऊ' दाबलं, हा झाला वरचा थर. पण खाली डिव्हाइस फाईलच सगळ्यांसाठी उघडी असेल तर ॲपला तुम्हाला विचारायची गरजच उरत नाही. २०१२ मध्ये नेमकं हेच झालं होतं. पुढच्या दाराला कुलूप, व्हिडिओ डोअरबेल सगळं होतं, पण मागचं दार उघडं होतं.

मग सॅमसंगच्या इंजिनिअरांनी ती फाईल उघडी ठेवलीच कशाला? तर फोनमधली कॅमेरा आणि ग्राफिक्सची कामं त्या फाईलवर अवलंबून होती. याचा पुरावाही तेव्हा मिळाला. सॅमसंगचं अपडेट येण्याआधी काही स्वतंत्र डेव्हलपरांनी ती फाईल बंद करणारी छोटी ॲप काढली. ती लावल्यावर काही फोनचा पुढचा कॅमेरा चालेनासा झाला.

म्हणजे काम चालावं म्हणून दरवाजा सगळ्यांना उघडला आणि काम चालतंय म्हणून तो तसाच राहिला. प्रोजेक्टला दोन दिवस राहिले असताना सीएचमॉड ७७७ मारणारी विद्यार्थिनी आणि फोन बाजारात उतरवणारी मोठी कंपनी, दोघांची चूक एकाच जातीची आहे. फरक एवढाच की एकीचा लॅपटॉप एकटीचा असतो आणि दुसऱ्याचा फोन जगभर विकला जातो.

या चुकीनंतरच्या काळात अँड्रॉइडनं आणखी एक कुंपण घातलं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून एसईलिनक्स नावाची व्यवस्था पूर्ण सक्तीनं लागू झाली. त्यामुळे एखाद्या फाईलवर चुकून ६६६ राहिला, तरी दुसरी यादी आडवी येते आणि विचारते की या ॲपला या यंत्राशी बोलायचं कारणच काय? म्हणून फोनचं सिक्युरिटी अपडेट आलं की 'नंतर बघू' म्हणून ते बाजूला सारायचं नसतं. त्यातली एखादी दुरुस्ती अशाच एका आकड्याची असू शकते.

ज्यांना हे मुळापासून शिकायचंय त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सचे धडे मोफत आहेत, तेही मराठीतून.

बाकी पुढच्या वेळी स्क्रीनवर 'परमिशन डिनाइड' दिसलं, तर चिडण्याआधी एवढं आठवा. कॉम्प्युटर तुमची अडवणूक करत नसतो. तो विचारत असतो की ही किल्ली नक्की कुणाला द्यायची? त्याचं उत्तर 'सगळ्यांना' असं असेल, तर एंटर दाबण्याआधी त्या दरवाजामागं काय आहे ते एकदा बघून घ्या.